दादाला हवी असलेली दुरुस्ती

ती. मावशी,

तुला वाकून नमस्कार. (कागदावर वाकायला कंबर लागत नाही, म्हणून नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकले आहे असं समज.) गुडघे कसे आहेत? डोळ्यांतले थेंब घालतेस की बाटली नुसती उशाशी ठेवतेस? कानाचं यंत्र वापरत नसणार, हे विचारायची गरज नाही. मागे आले होते तेव्हा ते चमच्यांच्या डब्यात पडलेलं होतं आणि तू माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होतीस. शेवटी मी मुद्दाम म्हटलं, की मावशी, माडीला आग लागली आहे. त्यावर तू म्हणालीस, "हो ना, फारच छान झालं." तेव्हा फोनवर हे सगळं सांगण्यात अर्थ नाही. म्हणून पत्र, आणि तेही मोठ्या अक्षरात. माझं बरं चाललं आहे. म्हणजे चालणं बरं आहे. बाकीचं पुढे येईलच.

तुझं पत्र मिळालं. निदान तुझ्या नावाचं पत्र मिळालं. टाइप केलेलं, वर तारीख, खाली विषय, आणि विषयाखाली रेघ. मावशी, तू मला आजवर 'कार्टे'पासून 'माझी बाय ती'पर्यंत सगळं म्हटलं आहेस, पण 'आपण' कधी म्हटलं नव्हतंस. 'सदर कार्यक्रमात आपणाकडून अनवधानाने झालेल्या सदोष अनुवादामुळे लोकप्रतिनिधींच्या प्रतिमेस बाधा पोहोचली असून' हे वाक्य मी तुझ्या आवाजात वाचायचा तीनदा प्रयत्न केला. दर वेळी 'सदर'पाशी तू मला पदर खोचून उभी दिसायचीस आणि पुढचं जमायचं नाही. आई गेल्यावर ज्या बाईने मला वाढवलं, तिने रागावतानासुद्धा 'आधी नाक पूस' याहून लांब वाक्य वापरलेलं मला आठवत नाही. तुझ्या लेकाच्या, म्हणजे दादाच्या, प्रचारप्रमुखाने (तोच तो, गळ्यात ओळखपत्रांची माळ घालणारा; त्याला आम्ही 'ओळखपत्र'च म्हणतो) निदान तुझी भाषा तरी ऐकून जायची होती. पण सगळ्यात तळाशी, सहीच्याही खाली, पेन्सिलने तुझं वाकडं अक्षर होतं: 'तुझे पाय कसे आहेत. दादा चिडलाय. काय झालं ते मला कोणी ओरडून सांगत नाही.' तेवढं पत्र मी तुझं धरते, आणि उत्तरही त्यालाच देते. पाय बरे आहेत. आता ओरडते.

पहिल्यांदा माझं काम काय ते पुन्हा एकदा. (तू शेजारच्यांना अजून 'ती मुक्या मुलांना अ-आ-ई शिकवते' असं सांगतेस. ती मुलं मुकी नाहीत. इतकी बडबडी मुलं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. फक्त ती हातांनी बडबडतात.) शाळेत शिकवते हे खरं, पण बाहेर कुठे सभा असली, दवाखाना असला, कचेरी असली, की त्यांच्या खुणा तोंडाने बोलून दाखवायच्या आणि लोकांचं बोलणं खुणांनी दाखवायचं, हेही काम माझंच. त्याचा पहिला नियम असा, की मधल्या माणसाने मध्ये यायचं नाही. खुणा करणारी 'मी' म्हणाली की मीही 'मी' म्हणायचं. 'ती म्हणते आहे की' असं म्हणायचं नाही. का, तर तसं म्हटलं की डॉक्टर, साहेब, वकील सगळे माझ्याशीच बोलू लागतात आणि ती बिचारी खुर्चीसारखी बाजूला राहते. नियम चांगला आहे. त्यापायी एकदा दवाखान्यात मी भर रांगेत "मला तिसरा महिना लागलाय" असं खणखणीत सांगितलं होतं आणि परिचारिकेने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून "या वयात? हिंमत आहे बाई!" म्हणून पाठीवर थाप मारली होती. तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या हसण्याचं बिल आता आलं आहे.

झालं असं, की नव्या मतदारांशी उमेदवारांचा थेट संवाद असा कार्यक्रम कॉलेजच्या व्यायामशाळेत ठेवला होता. दोऱ्या आणि झुले भिंतीला बांधून टाकलेले, जमिनीवर खेळाच्या रेघा, त्यावर खुर्च्या, आणि समोर फळ्यांचं व्यासपीठ. उजवीकडे पुढे आमच्या शाळेतून बाहेर पडलेली मुलं-मुली बसली होती, पहिल्यांदाच मत देणारी. मी व्यासपीठाच्या कडेला, काळ्या साध्या कपड्यांत (हात उठून दिसावे म्हणून, ओळखपत्राने मात्र विचारलं, "घरी काही झालंय का?"). 'थेट' या शब्दाचा अर्थ सकाळीच कळला. प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून द्यायचे, व्यवस्था दादाच्याच माणसांकडे असल्यामुळे ओळखपत्र ते वाचणार, त्यातले निवडणार आणि ज्याचे त्याला परत देणार. आमच्या बाजूला एकच चिठ्ठी परत आली: 'तरुणांना आपला संदेश काय?' ती कोणी लिहिली होती हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

तीन उमेदवार होते. मावशी, मी रोजनिशी लिहिते हे तुला ठाऊक आहे, आणि त्या दिवशी मी उत्तरं नीट लक्षात ठेवली, कारण ती माझ्या हातांतूनच गेली. पहिल्या उमेदवार डॉक्टरीणबाई. त्यांना एका मुलाने विचारलं, की सरकारी दवाखान्यात तुम्ही स्वतः नोकरीला असताना कधी सापडत का नव्हता? बाईंनी त्याला वय विचारलं, मग झोप किती तास होते ते विचारलं, मग भूक लागते का विचारलं. मुलगा खाली बसला तेव्हा त्याला रक्त तपासून घ्यायचा सल्ला मिळाला होता आणि प्रश्न कुठे गेला ते त्यालाच आठवत नव्हतं. दुसरे निवृत्त अधिकारी. त्यांना नोकऱ्यांबद्दल विचारलं तर ते म्हणाले, आमच्या वेळी आम्ही प्रश्न विचारत नव्हतो. एका मुलीने मागून विचारलं, "म्हणूनच असं झालं का?" तर म्हणाले, बघा, हीच ती उद्धट पिढी, आणि समाधानाने पाणी प्यायले. आणि तिसरा आपला दादा.

दादाची रीत या दोघांहून कितीतरी वरची आहे आणि ती तुझ्याच स्वयंपाकघरात तयार झाली आहे. कपाटाचा आरसा फुटला होता ते आठवतं? तू विचारलंस, "कोणी फोडला?" मी रडायला लागले (फोडला नव्हता मी, तरीही). दादा तुझ्याजवळ आला, म्हणाला, "आई, तू किती दमलीस गं आज," आणि पाय चेपायला बसला. थोड्या वेळाने तू माझ्यावरच ओरडलीस, की बघ, शीक काहीतरी त्याच्याकडून. तर मी शिकले नाही. तो मात्र तेवढ्या भांडवलावर आमदार झाला. त्या दिवशी पहिल्या मुलाने, ओळखपत्राच्या चाळणीतून निसटलेला, रस्त्याबद्दलचा कडक प्रश्न विचारला तेव्हा दादा खाली उतरला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, वडील काय करतात विचारलं, आणि म्हणाला, "अशी धगधगती तरुणाई बघितली की मला माझेच दिवस आठवतात." टाळ्या. दुसऱ्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर म्हणाला, "हा प्रश्न तू विचारलास, यातच माझं उत्तर आहे." पुन्हा टाळ्या. मी आजतागायत त्या वाक्यावर विचार करते आहे.

आता इथे माझी पहिली चूक, जी त्या टाइप केलेल्या पत्रातल्या ओळखपत्राच्या यादीत आहे आणि मला थोडीशी मान्यही आहे. दादा सर्वांगीण, समतोल आणि सर्वसमावेशक अशा कशाबद्दल तरी बराच वेळ बोलत होता आणि माझे हात थांबले. खुणांच्या भाषेत कोणी, काय, कुठे, कधी हे लागतं. हवेला खूण करता येत नाही. मी एखादी वस्तू यायची वाट बघत उभी होते. पुढच्या रांगेतून एका मुलाने खुणेने विचारलं: ते बोलताहेत, तुम्ही गप्प का? मी खुणेने सांगितलं: अजून काही आलेलं नाही. उजवीकडचा सगळा कोपरा हसला. दादाला वाटलं आपल्या बोलण्यावर हसले, त्याने हात उंचावला. हे मी करायला नको होतं का? मी स्वतःला खूप विचारलं. मध्ये यायचं नाही हा नियम, आणि मी आले. पण समजा पोकळपणा जसाच्या तसा पोचवायचा, तर तो हात थांबवूनच पोचतो ना? हे माझं मलाच पटतं आणि मग मला स्वतःचाच संशय येतो, कारण पटवण्याची कला आपल्या घरात आहे.

मग भुवई उठली. भुवई म्हणजे आमची एक मुलगी. (मुलं एकमेकांना खुणेची नावं ठेवतात. हिच्या डाव्या भुवईवर व्रण आहे, म्हणून भुवई. दादालाही त्यांनी नाव ठेवलं आहे: मनगटावर दोन टिचक्या, घड्याळ बघणारा. प्रत्येक भेटीत तो घड्याळ बघायचा म्हणून. त्याला कोणीतरी सांगितलं की याचा अर्थ 'वेळ पाळणारा', आणि तेव्हापासून तो प्रत्येक सभेत अभिमानाने मनगटावर टिचक्या मारतो. मी दुरुस्त केलं नाही. ही दुरुस्ती त्याने मागितलेली नाही.) भुवईला तू पाहिलं आहेस. प्रत्यक्षात नाही, फलकावर. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जो मोठा फलक आहे ना, दादाच्या कडेवर दोन वेण्यांची लहान मुलगी आणि खाली 'मी ऐकतो', ती ही. दोन निवडणुकांपूर्वी दादा शाळेत आला, त्याने तिला उचलून घेतलं आणि सांगितलं, दहावीनंतर ऐकू न येणाऱ्या मुलांनी घरी बसायचं नाही, पुढचे वर्ग याच शाळेत येत्या सत्रापासून. सत्रं बरीच आली. भुवईची दहावी झाली आणि ती आता औषधाच्या कारखान्यात खोक्यांना चिकटपट्टी लावते. वर्गात ती गणितात पहिली होती. फलकावरची ती मात्र अजून आठ वर्षांची आहे, दर निवडणुकीला नवा रंग मारून.

तिच्या हातात चिठ्ठी होती. तिने ती घडी करून खिशात घातली आणि हात उचलले. माझ्यासमोर ओळखपत्र बसला होता. त्याने बोट वर करून मला 'संदेश, संदेश' असं ओठांनी सांगितलं. मी भुवईकडे बघितलं आणि तिचं जे होतं ते माझ्या तोंडाने म्हणू लागले: "तुमच्या फलकावर माझा फोटो आहे." लोक माझ्याकडे बघू लागले. मग व्यासपीठामागे टांगलेल्या त्याच फलकाकडे. तिथे दोन वेण्या, इथे मी. "मी लहान होते. तुम्ही मला उचलून घेतलं होतंत."

मावशी, व्यायामशाळा अशी हसली की भिंतीवरचे झुले हलले. आणि दादाने, ज्याला माझा नियम चांगला माहीत आहे (त्याच्याच सभांत मी हे काम पूर्वी केलं आहे), माझ्याकडे नखशिखान्त बघितलं आणि ध्वनिक्षेपकात म्हणाला, "अगं, तुला कोण उचलणार? मला अजून प्रचार करायचाय, कंबर मोडून घ्यायची नाही!" मग लोकांकडे वळून, "ही माझी मावसबहीण हं. लहानपणापासून अशीच भांडते." म्हणजे एका वाक्यात भुवई नाहीशी झाली. उरली एक जाडी बहीण आणि तिचं घरचं भांडण. मी ओरडून सांगायला हवं होतं का, की प्रश्न माझा नाही, तिचा आहे? मी हाताने तिच्याकडे दाखवलं. लोकांना वाटलं मी साक्षीदार दाखवते आहे. भुवईला ऐकू येत नाही, पण शेकडो दात दिसतात. तिने विचारलं: हसताहेत का? आता जे बोललं जातं ते सगळं तिला सांगणं हे माझं काम. मी सांगितलं: तुला कोण उचलणार, मला कंबर मोडून घ्यायची नाही. तिने स्वतःच्या काटकुळ्या हातांकडे बघितलं: मला? मी सांगितलं: नाही, मला. तिला ते समजलं नाही, आणि ते न समजणं तिच्या डोक्याचा दोष नव्हे.

तिचे हात थांबले नव्हते. मी शेवट केला: "तुम्ही पुढच्या वर्गांचा शब्द दिलात आणि पाळला नाहीत. का?" दादाने डोळे मिटले. हे डोळे तू ओळखतेस. मग हळू आवाजात म्हणाला, की या मुलांचं दुःख त्याला कोणी सांगायला नको, कारण त्याच्या स्वतःच्या आईला आता ऐकू येत नाही, आणि तो रोज संध्याकाळी आईजवळ बसून तिच्याशी खुणांनी बोलतो. "त्या बोलण्यात जे सुख आहे ना, ते कुठल्याच भाषेत नाही." हेही मीच दाखवलं, मावशी. प्रथमपुरुषी. 'मी रोज आईशी खुणांनी बोलतो', असं माझे हात म्हणाले. मुलं इतकी हेलावली की त्यांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले, त्या त्यांच्या टाळ्या. दादाने मनगटावर टिचक्या मारल्या आणि खरोखरच वेळ झाली म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'बहिणीने भावाला भर सभेत सुनावले'. चित्रफितीत मीच आहे, कमरेपासून वर. भुवईचा एक हात कोपऱ्यात येतो, माशी उडवल्यासारखा. लोकांनी खाली लिहिलं आहे, की जमिनीचा वाद असणार. कोणी लिहिलं आहे, की बाईला तिकीट हवं होतं. एकाने मला व्यायाम सुचवला आहे. पुढच्या वर्गांबद्दल कोणी काही लिहिलेलं नाही. मग मुख्याध्यापकांनी बोलावलं. (ते भले आहेत. कोणत्याही भांडणात त्यांना दोन्ही बाजू बरोबर वाटतात, आणि बरोबर असलेल्यांतली मोठी बाजू ते धरतात.) त्यांच्या टेबलावर तयार निवेदन होतं: तो प्रश्न विद्यार्थिनीचा नव्हता, कौटुंबिक गैरसमजातून माझ्या तोंडून गेला, अनुवाद सदोष होता. "सही करा आणि विषय मिटवा," म्हणाले. "नाहीतर संस्थेच्या अध्यक्षांना तुमची जागा... म्हणजे मला वैयक्तिक काही वाटत नाही." अध्यक्ष कोणाचे आहेत हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, "एकदा तपासून घेते." ते म्हणाले, "काय तपासणार? दोन ओळी तर आहेत." आणि दोन दिवसांनी तुझं ते 'सदर'वालं पत्र आलं.

आता तू म्हणशील, कर की सही, दादाचं काम आहे, तुझं काय जातं. मावशी, मी ते लिहून बघितलं. स्वच्छ कागदावर. आणि मला भीती अशी वाटली, की समजा चूक खरंच असेल तर? माणूस भाऊ आहे म्हणून तो खोटंच बोलत असेल असं थोडंच आहे? तेव्हा मी चित्रफीत घेतली (एका मुलाने भुवईच्या बाजूने काढलेली मिळाली, तिच्यात तिचे हात पूर्ण आहेत) आणि कारखाना सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभी राहिले. आम्ही तिथल्या कट्ट्यावर बसलो. मी तिला माझं वाक्य लिहून दाखवलं: 'शब्द दिलात आणि पाळला नाहीत.' तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुणेने म्हणाली: मी असं म्हटलंच नाही.

म्हणजे चूक खरंच माझी होती. (आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं बरंही वाटलं. चला, दादा बरोबर, सही करू, घरी जाऊ. हे मी रोजनिशीतही लिहून ठेवलं आहे, पुढे मागे मी स्वतःला फार थोर समजू नये म्हणून.) मी विचारलं: मग काय म्हणालीस? तिने माझ्याकडे बघितलं, वर्गात सोपं गणित चुकलेल्या मुलाकडे मी बघायचे तसं, आणि पुन्हा सगळं म्हणून दाखवलं. मग आम्ही चित्रफितीशी जुळवलं. हातन् हात तेच.

ती म्हणाली होती: तुम्ही मला उचलून घेतलंत तेव्हा माझं तोंड तुमच्या तोंडाजवळ होतं. तुम्ही सगळ्यांना वर्ग काढू म्हणून सांगितलंत, मग ध्वनिक्षेपक बाजूला धरून शेजारच्या माणसाला म्हणालात, हे लिहू नको. मला ओठ वाचता येतात. म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. खोटं का बोललात?

तर चूक माझीच. शब्द न पाळणाऱ्याला निदान शंभर कारणं असू शकतात. मी त्याला ती सगळी परत देऊन टाकली. हशा होता, गोंधळ होता, असं मी आधी स्वतःला सांगितलं. पण हशा कानांना होतो आणि मी डोळ्यांनी ऐकत होते. हात माझ्या समोर स्वच्छ चालू होते. ते वाक्य माझ्या डोळ्यांत शिरलं आणि तोंडापर्यंत येताना कुठेतरी तुझं स्वयंपाकघर लागलं. तिथे ते मऊ झालं. दादाला सदोष अनुवादाने बाधा पोचली म्हणतात. खरं तर त्याच अनुवादाने त्याला वाचवलं, आणि बाधा पोचली ती भुवईला. ती एकदा दादाकडून फसली आणि एकदा माझ्याकडून.

येता जाता तो फलक एकदा बघ, मावशी. लोकांना वाटतं दादा मुलीला घेऊन दूर क्षितिजाकडे बघतो आहे, ओठ जरासे उघडे, काहीतरी मायेचं म्हणतो आहे. नीट बघ. तो बाजूच्या माणसाकडे बघतो आहे, तो माणूस कापून टाकला आहे. आणि मुलगी छायाचित्रकाराकडे बघत नाही. ती त्याच्या ओठांकडे बघते आहे.

थकली असशील वाचून. चष्मा पुसून घे. औषधं वेळेवर घे, ओल्या फरशीवरून चालू नकोस, आणि दादा आला तर त्याला माझ्याकडून सांग, की त्याच्या इच्छेचा मी मान राखला आहे. कसा, ते खाली.

तुझीच,
(टाइप केलेल्या पत्रातली नव्हे, पेन्सिलच्या ओळीतली)

ता. क. निवेदन सही करून दिलं. अनुवाद सदोष होता हे त्यात पहिल्याच ओळीत मान्य केलं आहे, माफी मागितली आहे (भुवईची), आणि खाली तिचा मूळ प्रश्न शब्दशः दिला आहे. सगळ्या वर्तमानपत्रांना पाठवायचं असा दादाचा आग्रह होता, तसं पाठवलं. एकाने आतल्या पानावर, शिलाई यंत्राच्या जाहिरातीखाली छापलं. तिथे पुढच्या वर्गांचा उल्लेख प्रथमच आला. आता दादा काय उत्तर देतो ते बघू. बहुधा भुवईच्या खांद्यावर हात ठेवेल.

ता. ता. क. भुवईने तुला एक विचारायला सांगितलं आहे. तिला कामावरून आल्यावर आईशी बोलायला घरात खुणाच नाहीत, आई शिकलीच नाही, म्हणून तिला तुमचं फार कौतुक वाटलं. ती विचारते, दादा रोज संध्याकाळी तुझ्याशी बोलतात तेव्हा 'आई'ची खूण कशी करतात? मी तिला म्हटलं, विचारून सांगते. उत्तर नसलं तर कळवू नकोस. ते आम्हाला समजतं.

ता. ता. ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच. शाळेने मला आराम करायला सांगितला आहे आणि शाळेच्या आवारातली माझी राहती खोलीही या महिन्याअखेर आराम करणार आहे. तुझी मागची खोली दादाच्या फलकांनी भरली आहे हे माहीत आहे. ते भिंतीला टेकवून ठेवले तर एक खाट सहज मावेल. तुझ्या पोराला दोन पानं नावं ठेवून त्याच्याच घरात जागा मागते आहे, हे मला दिसतं आहे, आणि त्याची लाज वाटायची तेवढी वाटून झाली. नाही म्हणायचं असेल तर पेन्सिलने लिही, टाइप करायला देऊ नकोस. हो म्हणालीस तर यंत्र चमच्यांच्या डब्यातच राहू दे. रोज संध्याकाळी तुझ्याजवळ बसेन आणि 'जेवलीस का'पासून सुरुवात करू. भर सभेत दादा जे बोलला त्यातलं निम्मं तरी मग खरं होईल, आणि माझ्या हातांनी सांगितलेलं एक खोटं कमी होईल.

(फलक टेकवताना तोंडं भिंतीकडे करून ठेव.)